विषय: जुनी गाडी घेतली, चेक इंजिन लागलाय, काय बदलू?

प्रेषक: अ. (कँटन, मिशिगन)

नमस्कार मंडळी,

मागच्या महिन्यात २००८ची एक जपानी सेडान घेतली, २.४ लिटर चार सिलेंडर, ऑटोमॅटिक, १,४२,००० माइल्स. घेताना सगळं व्यवस्थित होतं, एकही लाइट नव्हता, आणि आठवड्याभरात चेक इंजिन लागला. सकाळी थंडीत स्टार्ट केली की आयडल (उभ्या गाडीत इंजिनाचा वेग) वरखाली होतं, स्टीअरिंगपर्यंत थरथर येते, गरम झाली की बरीच शांत होते. पार्ट्सच्या दुकानात फुकट कोड वाचून दिला, पी०१७१, आणि ऑक्सिजन सेन्सर घ्या म्हणाले. घराजवळच्या गॅरेजवाल्याने एमएएफ सेन्सर (इंजिनात जाणारी हवा मोजणारा), ऑक्सिजन सेन्सर, फ्युएल पंप असं सगळं मिळून साडेअकराशे डॉलरचं एस्टिमेट दिलंय. अख्खी गाडी ३,८०० ची आहे हो. आपल्यात एवढे ऑटोवाले आहेत म्हणून विचारतोय, आधी काय बदलू?

अ.

प्रेषक: स. (ट्रॉय)

एमएएफ क्लीनरचा स्प्रे आणून मार, दहा-बारा डॉलरला मिळतो. आमच्या जुन्या व्हॅनचा हाच कोड त्याने गेला होता. फक्त एमएएफचाच क्लीनर घे, ब्रेक क्लीनर मारू नकोस, सेन्सरची वायर खराब होते.

प्रेषक: म. (नोव्हाय)

अ., आधी काहीच बदलू नकोस. सगळी नोकरी इंजिन कॅलिब्रेशनमध्ये गेली माझी, आणि मुलांचे पैसे असे अंदाजाने पार्ट बदलण्यात जातात ते बघवत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

पी०१७१ चा अर्थ एवढाच की बँक १ ला (सिलेंडरच्या पहिल्या रांगेला) मिश्रण लीन आहे, म्हणजे हवा जास्त किंवा पेट्रोल कमी, आणि कॉम्प्युटरने पेट्रोल वाढवून वाढवून शेवटी हात टेकले. ही बातमी त्याला दिली कुणी, तर ऑक्सिजन सेन्सरने. म्हणजे बहुतेक तो सेन्सर आपलं काम नीट करतोय आणि दुकानदार त्यालाच बदलायला सांगतोय. कोड कधीच पार्टचं नाव सांगत नाही, कुठली गोष्ट मर्यादेबाहेर गेली तेवढंच सांगतो.

ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले कोड वाचणारा) घे, वीस-तीस डॉलरला येतो. १९९६ पासूनच्या इथल्या सगळ्या गाड्यांना ड्रायव्हरच्या बाजूला डॅशबोर्डखाली सोळा पिनांचा सॉकेट असतो, तिथे लावायचा आणि फोनवर अ‍ॅप उघडायचं. पहिल्यांदा फ्रीझ फ्रेम बघ, कोड लागला त्या क्षणी आरपीएम, स्पीड आणि कूलंटचं तापमान किती होतं ते त्यात साठवलेलं असतं. कोड पुसलास की हेही पुसलं जातं, म्हणून आधी फोटो काढून ठेव.

मग फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय. शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म असे दोन आकडे दिसतील, त्यांची बेरीज करायची. चांगल्या इंजिनात ही बेरीज शून्याच्या आसपास खेळते, अधिक दहाच्या वर टिकून राहिली की काहीतरी आहे. इंजिन गरम झालं की आयडलला बेरीज लिहून घे, मग गाडी पार्कमध्येच ठेवून आरपीएम २,५०० ला धरून परत लिही. आयडलला आकडा मोठा आणि २,५०० ला खाली आला तर व्हॅक्यूम लीक, म्हणजे न मोजलेली हवा कुठूनतरी आत शिरतेय, कारण आयडलला थ्रॉटल (हवेची झडप) जवळपास बंद असतो, इंजिन थोडीच हवा घेतं, त्यात भेगेतून आत घुसलेली चोरटी हवा खूप मोठा वाटा होते, आणि आरपीएम वाढला की तीच भेग नगण्य होते. उलट आयडलला ठीक आणि चढावर, जोर लावताना आकडा वाढत गेला तर पेट्रोल कमी पडतंय, फ्युएल पंप किंवा फिल्टर, किंवा मग एमएएफ हवा कमी मोजतोय. तेव्हा स. म्हणतो तो स्प्रे कामाचा. पण ही पाच मिनिटांची तपासणी आधी, खरेदी नंतर.

तुझी लक्षणं वाचून मला व्हॅक्यूम लीकच वाटतंय. आपल्याकडच्या थंडीत जुना रबर कडक होतो, भेगा उघडतात, गरम झालं की थोड्या मिटतात. एअर फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंतच्या रबरी बूटच्या (नळीच्या) घड्या उघडून बघ, ब्रेक बूस्टरचा होज बघ आणि पीसीव्हीचा होज (इंजिनातल्या वाफा परत आत नेणारी नळी) बघ, खास करून त्याचं वळण आणि तेही खालच्या बाजूने, कारण वरून अगदी नवा दिसतो आणि फाटलेला असतो खाली. आरसा आणि टॉर्च घे. सापडलं नाही तर गॅरेजमध्ये फक्त स्मोक टेस्ट (धूर सोडून लीक शोधतात ती) करून माग, शंभर-दीडशेत होते. गरम इंजिनावर कार्ब क्लीनर मारत लीक शोधायचे व्हिडिओ सापडतील, ते करू नकोस, आग लागते.

आणि लाइट आठवड्याभरात लागला म्हणजे विकणाऱ्याने कोड पुसून गाडी दिली असण्याची दाट शक्यता आहे. यादीतल्या बाकीच्यांनीही हे लक्षात ठेवा, मिशिगनमध्ये गाडीचं वार्षिक इन्स्पेक्शन नाही, त्यामुळे दुसरं कुणी पकडत नाही. घ्यायला जाताना स्कॅनर बरोबर न्या आणि रेडीनेस मॉनिटर बघा, गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण झाल्यात का ते त्यात दिसतं. बरेचसे "नॉट रेडी" दाखवत असतील तर नुकतंच काहीतरी पुसलंय किंवा बॅटरी काढलीय, मग दोन-चार दिवस गाडी चालवून परत दाखवा म्हणायचं.

अजून दोन गोष्टी आजच कर. सतरा अक्षर-अंकांचा व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) एनएचटीएसएच्या, म्हणजे सरकारी वाहन-सुरक्षा संस्थेच्या साइटवर टाक, त्या काळातल्या कितीतरी गाड्यांत टकाटा कंपनीचे सदोष एअरबॅग आहेत, देशभरात सुमारे ६.७ कोटी इन्फ्लेटर (एअरबॅग फुगवणारा भाग) रिकॉलमध्ये होते, आणि बदलून फुकट मिळतात. दुसरं, ऑइलची डिपस्टिक.

म.

प्रेषक: अ. (कँटन)

म. ताई, खूप खूप आभार! फ्रीझ फ्रेममध्ये आरपीएम ७०० आणि स्पीड शून्य. बेरीज आयडलला २४, २,५०० ला ५. मग आरसा घेऊन बसलो आणि पीसीव्हीच्या होजचं वळण खालून चिरलेलं निघालं, बोट लावलं तर भेग उघडते आणि बोटाला काळं चिकट ऑइल. नवा होज १४ डॉलरला मिळाला, लावला, आता आयडलला बेरीज ३-४ वर आहे आणि सकाळची थरथर गेली. गॅरेजला नको म्हणून कळवलं. व्हीआयएनवर पॅसेंजर साइडचा एअरबॅग निघाला, अपॉइंटमेंट घेतलीय. ऑइल मात्र डिपस्टिकच्या खालच्या खुणेच्याही खाली होतं. आणि कोड आता पुसू का?

प्रेषक: म. (नोव्हाय)

वा, छान शोधलंस! बेरजेचे आकडे इतके स्वच्छ क्वचितच मिळतात.

कोड पुसू नकोस. दुरुस्ती बरोबर असेल तर तीन चांगल्या ड्राइव्ह सायकलनंतर (गाडी सुरू करून, नीट चालवून बंद केली की एक) लाइट आपोआप जातो, तो तसा जाऊ दे म्हणजे खात्री पटेल. ऑइलचं मात्र गंभीरपणे घे. दोन खुणांमध्ये साधारण एक क्वार्ट (जवळपास एक लिटर) असतं, फिलर कॅपवर लिहिलेल्या ग्रेडचं थोडं थोडं टाकत वरच्या खुणेपर्यंत आण, माइल्स लिहून ठेव आणि दर वेळी पेट्रोल भरताना बघ, गाडी सपाट जागी आणि इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी. हजार-बाराशे माइल्सला क्वार्टभर गेलं तर इंजिन ऑइल खातंय. या वयाच्या बऱ्याच इंजिनांत पिस्टनच्या ऑइल रिंग्ज चिकटलेल्या असतात, तेवढ्यासाठी इंजिन उघडणं या किमतीच्या गाडीत परवडत नाही, पण ऑइल कधीही कमी पडू दिलं नाहीस तर गाडी अजून बरीच वर्षं चालेल.

आता राहिली खालची बाजू. इथल्या रस्त्यावरच्या मिठाने ब्रेक लाइन बाहेरून गंजतात, ते मात्र स्कॅनरवर दिसत नाही. रविवारी सकाळी गाडी घेऊन ये, आपण बघू. जॅक स्टँड माझ्याकडे आहेत, तोपर्यंत नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली शिरू नकोस.

म.