अडुळसा: तुमच्या घरी रस कसा काढायचे?

परसदार:
आज कुंपणाची छाटणी झाली. अडुळशाचं एक पान चुरडलं आणि त्या उग्र वासासरशी आत्या आठवली. पावसाळ्यात घरात कोणी खोकलं की ती जून पानं खुडून आणायची. कच्चं पान कितीही कुटा, रस सुटता सुटत नाही. म्हणून पानं धुऊन केळीच्या पानात गुंडाळायची, वरून दोरा, आणि चुलीतल्या गरम राखेत पुरचुंडी. मऊ पडली की फडक्यात घालून पिळायची. वाटीत चमचाभर काळपट हिरवा रस, त्यात मध आणि चिमूटभर पिंपळी. कडूजहर! पण छातीतला कफ सुटायचा. हा पुटपाक आता कोणाकडे होतो का? तुमच्या घरची रीत लिहा, मला खरंच जपून ठेवायची आहे.

साळुंकी:
राख कुठली आता! आई भाताच्या वाफेवर ताटलीत पानं ठेवायची. तोच रस, तोच कडूपणा 😄

गवतफूल:
फुलं विसरलात सगळे? पांढरं फूल उपटून मागच्या टोकाने चोखायचं, थेंबभर मध. शाळेच्या वाटेवरचं सगळं कुंपण आम्ही बोडकं करायचो.

दिवेलागण:
आमच्याकडे निर्गुडीच जास्त. बाळंतिणीच्या अंघोळीच्या पाण्यात पाला, गुडघा सुजला की पाला तव्यावर गरम करून शेक. धान्याच्या कणगीतही सुकी पानं टाकायचे, कीड लागू नये म्हणून. धाग्याचा विषय अडुळसा आहे, माहितीये, पण राहवलं नाही.

परसदार:
@दिवेलागण लिहा हो, निर्गुडीलाही जागा आहे.

खलबत्ता:
औषधाच्या दुकानात काम करते म्हणून सांगते. अडुळशात व्हॅसिसिन नावाचं द्रव्य असतं. कफ पातळ करणारं ब्रोमहेक्सिन त्याच्यावरूनच तयार केलं आणि ॲम्ब्रोक्सॉल त्याच्या पुढचं. म्हणजे आज्यांचं बरोबरच होतं. पण दोन गोष्टी कळकळीने सांगते. गरोदर बाईला अडुळसा अजिबात देऊ नका, त्याने गर्भाशय आकुंचन पावतं. आणि १ वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, रसातूनसुद्धा नाही. खोकल्यातून रक्त आलं किंवा खोकला २ आठवड्यांवर गेला तर काढा बाजूला ठेवून थुंकी तपासून घ्या.

मोगरा७:
हे थुंकीचं लिहिलंत ते फार बरं केलंत. माझ्या काकांचा खोकला सगळे घरीच काढ्यावर काढत राहिले, क्षय निघाला. औषधं पूर्ण घेतली, आता ठणठणीत आहेत.

साळुंकी:
@मोगरा७ वाचून जीव भांड्यात पडला. काकांना नमस्कार सांगा.

पाऊसवेडी:
कुकर लावलाय, पटकन विचारते. कुंडीत येतो का? बिया कुठे मिळतील?

गवतफूल:
@पाऊसवेडी बिया कशाला, बोटाएवढी जाड फांदी पावसात खोचा, जगते. कुंडी मोठी घ्या, झुडूप चांगलं पुरुषभर वाढतं. शेळ्यासुद्धा तोंड लावत नाहीत त्याला, राखण नको.

पाऊसवेडी:
शेळ्या नाहीत हो, मांजर आहे. ती कुंडीत बसते 😀 फांदी कोण देतंय?

परसदार:
इथे ढीग पडलाय. गावाचं नाव निरोपात कळवा, उद्याच ओल्या फडक्यात गुंडाळून पाठवते.