पऱ्हाटीपासून ब्रिकेट : गटाने यंत्र घ्यावे काय?

प्रश्न (यवतमाळ जिल्हा)
आमच्या शेतकरी गटाकडे सुमारे ३०० एकर कपाशी असून वेचणीनंतरची पऱ्हाटी बहुतेक बांधावरच जाळली जाते; थोडी चुलीसाठी घरी येते. तिच्या ब्रिकेट (भुगा दाबून केलेल्या जळणाच्या कांड्या) करून बॉयलरवाल्या कारखान्यांना विकाव्यात, असा विचार आहे. काही सभासद सोयाबीनचे कुटारही (मळणीनंतरचा भुसा) मिसळावे असे म्हणतात. यंत्र घेण्यापूर्वी काय तपासावे?

उत्तर १
प्रथम मालाचा हिशेब मांडावा. एकरी एक टन पऱ्हाटी धरली तरी ३०० टन होते आणि तासाला एक टन क्षमतेचे यंत्र आठ तासांच्या एका पाळीत चालवले, तरी हा सगळा माल सव्वा महिन्यात संपतो. उरलेले वर्ष कर्जाचे हप्ते कशातून फेडणार? शेजारच्या गावांशी आधी बोलणी करावीत. अख्ख्या पऱ्हाटीने ट्रॉली शिगोशीग भरते, परंतु वजनकाट्यावर निराशा होते. आम्ही पहिल्या हंगामात ती तशीच वाहून आणली आणि नफा डिझेलमध्ये गेला. आता कुट्टी शेतातच करतो. ओलावा १० ते १२ टक्क्यांच्या आसपास हवा, अन्यथा प्रेसमध्ये वाफ धरून ब्रिकेट तडकतात. पावसाळ्यापूर्वी शेडही लागेल.

उत्तर २
फरदड (हंगाम संपल्यावरही तीच कपाशी पुढे ठेवून घेतलेले जास्तीचे पीक) न घेता पऱ्हाटी वेळेत उपटली, तर गुलाबी बोंडअळीच्या जीवनक्रमात खंड पडतो, हा लाभ ब्रिकेटच्या भावात दिसत नाही, पण मोठा आहे. मात्र उपटलेल्या पऱ्हाटीची गंजी शेताजवळ महिनोन्महिने ठेवली, तर किडक्या बोंडांतील अळ्या तेथेच तग धरतात. कुट्टी लगेच करणे म्हणूनही आवश्यक आहे. कुटार मिसळू नये. ते जनावरांचे खाद्य आहे, शिवाय काडातील पोटॅशमुळे राख वितळून बॉयलरच्या जाळीवर चिकटते.

उत्तर ३
एवढ्या मालासाठी कोळशाचाही विचार करावा. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेने उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याची भट्टी विकसित केली आणि त्या कामाला २००२ मध्ये शाश्वत ऊर्जेसाठीचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. बंद पिंपात हवेविना तापवलेल्या पाचटाचा कोळसा होतो, तो खळीत मळून कांड्या पाडतात. पऱ्हाटीलाही हे तत्त्व लागू पडते. भांडवल कमी लागते, मात्र गिऱ्हाईक घरगुती शेगडीचे असल्याने विक्रीची खटपट जास्त.

प्रश्नकर्ता
सव्वा महिन्याचा हिशेब आम्ही केलाच नव्हता. यंदा कुट्टीयंत्र भाड्याने आणून तयार कुट्टीच विकावी, असे सभेत मांडतो. खरेदीदार दर ठरवताना ओलावा कसा मोजतात?

उत्तर १
नमुना १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवून. घट जितकी, तितका ओलावा. काटा आपल्या समोर व्हावा, असा आग्रह धरावा.