डार्कटेबल की रॉथेरपी? (८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही)

त्रिपाद:
हौशी फोटोग्राफी, २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा, सगळं रॉमध्ये (सेन्सरची कच्ची, प्रक्रिया न केलेली फाइल). दर महिन्याला वर्गणी मागणारं सॉफ्टवेअर नको. फोटो दोन तऱ्हेचे: निसर्गदृश्यं आणि रंगमंचावरचे कार्यक्रम (आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, ३२०० ते ६४००). डार्कटेबल आणि रॉथेरपी ही रॉ सुधारायची दोन्ही मोफत सॉफ्टवेअर वापरून पाहतोय, पण तीन गोष्टी अडतात.

१. डार्कटेबलमध्ये फाइल उघडली की कॅमेऱ्यातल्या जेपेगपेक्षा काळपट आणि फिकी दिसते. रॉथेरपीत तीच फाइल बरीचशी जेपेगसारखी येते.
२. रॉथेरपीत नॉइज रिडक्शनचा (दाणेदारपणा कमी करायचा) स्लायडर कितीही ओढला तरी चित्र जैसे थे.
३. स्टेजवरच्या निळ्या एलईडी दिव्यांचा दोन्हींत सपाट निळा डाग होतो.

कोणतं एक धरावं?

अंधारी_खोली:
पहिल्या अडचणीवरून दर्जा ठरवू नका. रॉ फाइलच्या आत कॅमेऱ्याने बनवलेला एक छोटा जेपेग दडलेला असतो. रॉथेरपीचं 'ऑटो-मॅच्ड' प्रोफाइल तो वाचून स्वतःचा टोन कर्व्ह (उजळ-गडद ठरवणारी वक्ररेषा) त्याला जुळवून घेतं. डार्कटेबल हे करत नाही, मुद्दाम साध्या पायावर सुरुवात करून देतं. त्यात कॅमेऱ्यात फुजीचा डीआर२०० किंवा कॅननचा हायलाइट टोन प्रायॉरिटी हा उजळ भाग वाचवणारा पर्याय चालू असेल, तर मूळ रॉच एक स्टॉप (निम्म्या प्रकाशाइतकी) अंधारी असते. तो पर्याय आधी बंद करा.

डार्कटेबलमध्ये (तिथलं प्रत्येक साधन म्हणजे 'मॉड्यूल') क्रम असा ठेवा:
- एक्स्पोजर: मॉड्यूल सुरुवातीला ०.७ ईव्ही (म्हणजे स्टॉप) वाढ देतं, बऱ्याच कॅमेऱ्यांना ते कमी पडतं. चेहरा किंवा जमीन, म्हणजे मधले टोन, योग्य दिसेपर्यंत वाढवा. आकाश फाटतंय असं वाटलं तरी इथे थांबू नका.
- सिग्मॉइड: उजळ भाग आटोक्यात आणण्याचं काम याचं. कॉन्ट्रास्ट १.५ असतो, १.७ च्या आसपास जेपेगचा उठाव येतो.
- कलर बॅलन्स आरजीबी: 'बेसिक कलरफुलनेस' प्रीसेटपैकी (तयार सेटिंगपैकी) एक लावला की फिकेपणा जातो.

मग प्रत्येक मॉड्यूलच्या मेनूतून प्रीसेट साठवा आणि तुमच्या कॅमेऱ्याच्या फाइलींना आपोआप लागेल अशी खूण करा. हे एकदाच करायचं.

दोन चुका नेहमी दिसतात. जुन्या ट्यूटोरियलवरून बेस कर्व्ह हे टोनचं जुनं मॉड्यूल चालू करणं: सिग्मॉइडबरोबर तो लागला की टोन दोनदा दाबले जातात आणि चित्र पुठ्ठ्यासारखं होतं. दुसरी, व्हाइट बॅलन्स मॉड्यूल हलवणं. नव्या पद्धतीत ते आहे तसंच सोडायचं आणि रंगाची छटा कलर कॅलिब्रेशनमध्ये सुधारायची. दोन्हींत ढवळाढवळ केली की त्वचेचे रंग कधीच जुळत नाहीत.

पिक्सेलवेडा:
दुसरी अडचण म्हणजे बिघाड नाही. रॉथेरपीत नॉइज आणि शार्पनिंग १००% झूमवरच दिसतं. 'फिट' आकारात स्लायडर ओढत राहाल तर एक्स्पोर्ट केल्यावर मेणाचा पुतळा हाती येईल.

आयएसओ ६४०० साठी रॉ टॅबमध्ये डीमोझेइकची (सेन्सरच्या ठिपक्यांतून पूर्ण रंग जुळवायची) पद्धत अमेझऐवजी एलएमएमएसई घ्या. अमेझ कमी आयएसओला बारीक तपशील सुरेख काढतं, पण नॉइजमध्ये चक्रव्यूहासारख्या रेघा उमटवतं. नॉइज रिडक्शनमध्ये क्रोमिनन्स (रंगाचे कण) ऑटोवर सोडा. ल्युमिनन्स (उजेडाचे कण) २० च्या आसपास पुरे, थोडे कण राहू द्या. रॉ टॅबमधलंच कॅप्चर शार्पनिंग (५.८ पासून आहे) निसर्गदृश्यांना उत्तम, स्टेजला बंद, कारण ते कणसुद्धा धारदार करतं. ते चालू असताना डीटेल टॅबमधलं शार्पनिंग लावू नका.

हे दर वेळी हाताने करायचं नसेल तर प्रेफरन्सेसमध्ये डायनॅमिक प्रोफाइलचे नियम आहेत: आयएसओ १६०० च्या वर एक प्रोफाइल, खाली दुसरं. ८ जीबी रॅमवर एकाच एडिटर टॅबचा पर्याय निवडा, नाहीतर पाच फाइली उघडल्या की मशीन धापा टाकतं.

उणीव एकच, पण मोठी: मास्क, म्हणजे चित्राचा ठरावीक भागच निवडून बदलणं. ५.९ मध्ये लोकल अॅडजस्टमेंट्स आल्या खऱ्या, पण ब्रशने रंगवून मास्क करता येत नाही. डार्कटेबलमध्ये 'फक्त निळं आकाश, तेही या रेषेच्या वर' असं रंग आणि आकार मिळून सांगता येतं. निसर्गदृश्यांना हाच फरक निर्णायक.

काळापांढरा:
मग एआरटी का नाही? रॉथेरपीपासूनच फुटलेली शाखा आहे. साधनं कमी, स्क्रीन सुटसुटीत, ऑटो-मॅच्ड कर्व्ह तोच, आणि ब्रशचा मास्कही आहे. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर माझं मत त्यालाच. डार्कटेबलचं 'डिफ्यूज ऑर शार्पन' मॉड्यूल नुसत्या प्रोसेसरवर चालवून बघा, चहा होऊन येतो.

अंधारी_खोली:
ते एक मॉड्यूल टाळलं तर डार्कटेबल ८ जीबीवर बरं चालतं. नॉइजला 'डीनॉइज (प्रोफाइल्ड)' पुरतं, त्याला कॅमेरा आणि आयएसओनुसार मोजलेली प्रोफाइलं असतात.

निळ्या डागाबद्दल: आधी कारण ओळखा. डार्कटेबलमध्ये रॉ ओव्हरएक्स्पोजरचं चिन्ह दाबा. डाग तिथे रंगला तर सेन्सरवरच निळा चॅनेल भरून वाहिलाय. तो तपशील कुठलंच सॉफ्टवेअर परत आणणार नाही. पुढच्या वेळी कॅमेऱ्यात तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) लावा आणि निळा उजव्या भिंतीला टेकायच्या आत थांबा.

डाग रंगला नाही, तर माहिती शाबूत आहे, फक्त तो निळा एसआरजीबीत (स्क्रीनच्या नेहमीच्या रंगमर्यादेत) मावत नाही. कलर कॅलिब्रेशनमध्ये गॅमट कॉम्प्रेशन वाढवा, सिग्मॉइड 'पर चॅनेल' ठेवून 'प्रिझर्व्ह ह्यू' कमी करा. दिव्याचा गाभा पांढऱ्याकडे झुकतो आणि कपड्यांच्या घड्या परत दिसतात. रॉथेरपीत एचएसव्ही इक्वलायझरमध्ये निळ्याचं सॅच्युरेशन उतरवा. आणि तिथे व्हाइट बॅलन्स टंगस्टनवर असेल तर तो डेलाइटकडे न्या. टंगस्टनमध्ये निळ्या चॅनेलला मोठ्या आकड्याने गुणलं जातं, म्हणजे आगीत तेल.

त्रिपाद:
चिन्ह दाबून पाहिलं, डाग रंगत नाही. गॅमट कॉम्प्रेशनने घड्या दिसल्या. मास्कसाठी डार्कटेबल धरतो. आधीचे फोटो दुसऱ्या डिस्कवर हलवले तर एडिट जातात का?

पिक्सेलवेडा:
फोटोच्या शेजारी त्याच नावाची .एक्सएमपी फाइल असते, तिच्यात सगळं एडिट आहे. ती फोटोबरोबर हलवा. पण डार्कटेबलचा डेटाबेस जुनाच पत्ता धरून बसतो आणि थंबनेलवर कवटी दिसते. फोल्डरच्या नावावर राइट क्लिक करून नवी जागा दाखवा. रॉथेरपीचं .पीपी३ आणि एआरटीचं .एआरपी वेगळं, डार्कटेबल ते वाचत नाही, त्यामुळे तिथले जुने फोटो पूर्ण आकाराच्या टिफमध्ये काढून ठेवा.