स्लीव्हला २४ दिवस राहिलेत. घरच्या घरी काय तयारी करून ठेवू?

प्रश्न

माझं वय ३८, उंची १५७ सेंटीमीटर, वजन ११८ किलो. सहा वर्षांपासून डायबेटिस आहे आणि झोपेत श्वास अडकतो म्हणून रात्री मशीन लावून झोपते. वजन उतरवण्यासाठी जठर लहान करण्याचं ऑपरेशन, म्हणजे स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी, त्याची तारीख मिळाली आहे, आजपासून २४ दिवसांनी. एंडोस्कोपी झाली, रक्ताच्या तपासण्या झाल्या, भूलतज्ज्ञांना दाखवून झालं. निर्णय पक्का आहे, तेव्हा "करू नका, रोज चालायला जा" असं कृपया कोणी लिहू नका. ते मी पंधरा वर्षं ऐकते आहे आणि पंधरा वर्षं चालतेही आहे.

दहा दिवसांनी लिव्हर लहान करायचं डाएट सुरू होईल, १४ दिवसांचं. त्यात माझी शुगर एकदम उतरली तर काय? घरी मी आणि माझा नऊ वर्षांचा मुलगा. पहिले आठ दिवस बहीण येऊन राहणार आहे, पुढे माझं मीच बघायचं. काम बसून आहे, दोन आठवड्यांची रजा टाकली आहे. पुरेल का?

आणि खरं सांगते, ऑपरेशनपेक्षा मला नंतरची भीती जास्त वाटते. आजवर प्रत्येक डाएट मीच मोडलं आहे. हेही माझ्याच हातून बिघडलं तर?

उत्तर १

ताई, माझा बायपास (हृदयाचा नव्हे, वजनासाठी करतात तो जठराचा) होऊन दोन वर्षं झाली. शुगरचं आधी सांगतो, कारण ते डाएट सुरू होण्यापूर्वीच करायचं काम आहे. खाणं ८०० ते १००० कॅलरींवर येतं, आणि इन्सुलिनचा किंवा शुगर उतरवणाऱ्या काही गोळ्यांचा डोस तोच राहिला की शुगर धाडकन खाली येते. माझं इन्सुलिन डाएटच्या पहिल्याच दिवसापासून निम्मं केलं होतं. तुमच्या गोळ्यांत नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' असलेली एखादी असेल, तर ती ऑपरेशनच्या आधी काही दिवस बंद करावी लागते. तिच्यामुळे शुगर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचण्याचा धोका असतो. मात्र स्वतःहून काहीच बंद करू नका. या आठवड्यातच सगळी पाकिटं घेऊन डॉक्टरांकडे जा आणि कुठल्या दिवशी काय बंद, काय कमी, हे लिहून घ्या.

डाएट कंटाळवाणं आहे, पण नुसता नियम म्हणून देत नाहीत. लिव्हरचा डावा भाग जठरावर पसरलेला असतो. दुर्बिणीतून ऑपरेशन करताना तो उचलून धरावा लागतो. पिठूळ-गोड बंद केलं की लिव्हरमधला साखरेचा साठा आणि त्याच्यासोबतचं पाणी निघून जातं, ते आक्रसतं आणि सर्जनला जागा मिळते. माझे पहिले तीन-चार दिवस डोकं दुखण्यात गेले, नंतर अंगवळणी पडलं.

बैठ्या कामाला दोन आठवडे पुरतात, पण जमलं तर तिसरा हाताशी ठेवा. दुखत नाही हो, थकवा येतो. दुपारी दोनला डोळे मिटायला लागायचे.

उत्तर २

तुमची शेवटची ओळ वाचली आणि उठून गेले, थोड्या वेळाने परत येऊन लिहिते आहे. ती ओळ माझीच आहे. माझ्या स्लीव्हला चार वर्षं झाली. तेव्हा १३१ किलो होते. सगळ्यात खाली ८६ पर्यंत गेले, आज ९२ आहे आणि मी बरी आहे.

आधी तयारीचं. आजपासून जेवताना पाणी पिणं सोडा. जेवणानंतर अर्धा तास घड्याळ लावून थांबा आणि मग प्या. ऑपरेशननंतर हे करावंच लागतं, आणि चाळीस वर्षांची सवय त्या अशक्त दिवसांत मोडायला बसलात तर फार जड जातं. मी ऑपरेशनच्या आधी हे केलं नव्हतं. घास तोंडात पार पातळ होईपर्यंत चावायची सवयही आत्ताच लावा.

दुसरं, खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर ते छोटं माप येतं ना, ३० मिलिलिटरचं, ती दोन-तीन धुऊन ठेवा. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण पाऊण भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी उरते. ती सुरुवातीला सुजलेली असते. ग्लास तोंडाला लावून घोट घेतला की छातीच्या मधोमध असा काही गोळा बसतो की माणूस घाबरून जातो. मी दर पंधरा मिनिटांनी एक माप घ्यायचे, तेही तीन-चार घुटक्यांत. तासाला चार मापं म्हणजे १२० मिलिलिटर. जागेपणीचे तेरा तास धरले तर दीड लिटर होतं. पहिल्या आठवड्यात तेवढं जमलं नाही. साधं पाणीसुद्धा जड लागायचं, का कोण जाणे. कोमट केलं की उतरायचं.

ऑपरेशनच्या दिवसाचं मला फार आठवत नाही. जाग आली तेव्हा घसा कोरडा होता आणि पायांना गुंडाळलेले पट्टे आपोआप फुगत होते, सुटत होते. पोटापेक्षा खांदा जास्त दुखत होता. पोटात भरलेल्या गॅसमुळे ते होतं, चालल्याने कमी होतं. त्याच संध्याकाळी नर्सने उठवून चालवलं. मला तिचा राग आला होता. पायांत रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणून तेच सगळ्यात महत्त्वाचं असतं, हे नंतर कळलं.

आता भुकेचं. जठराचा जो भाग काढतात तिथेच भुकेचं हार्मोन जास्त बनतं, म्हणून पोटातली भूक बरीच शांत होते. डोक्यातली होत नाही. दुसऱ्या आठवड्यात मुलीसाठी अंडं परतत होते आणि त्या वासाने ओट्याशी उभी राहून रडले. भूक नव्हतीच. काहीतरी कायमचं हातातून गेल्यासारखं वाटत होतं. तुमच्यावर अशी वेळ आली तर स्वतःला कमकुवत म्हणू नका. बहीण आहे तोवर मुलाचं जेवण तिलाच करू द्या, आणि पुढच्या दोन आठवड्यांचं काही आधी करून फ्रीझरमध्ये ठेवता आलं तर ठेवा.

आता ज्यासाठी एवढं लिहायला बसले ते. पाचव्या आठवड्यात मऊ जेवण सुरू झालं आणि मला उलट्या व्हायला लागल्या. आधी एक दिवसाआड, मग रोज, मग पातळही टिकेना. सुरुवातीला एकदा फोन केला होता. पलीकडून सांगितलं, घास लहान घ्या, हळू खा. बस्स, तेवढ्याने माझी खात्री पटली की चूक माझीच आहे. जन्मभर हेच ऐकलेलं असतं ना आपण, की वजन वाढलं ते तुझ्यामुळे, उतरत नाही ते तुझ्यामुळे. मग उलटीही माझ्यामुळेच. मी नळ सोडून उलटी करायचे, नवऱ्याला आवाज जाऊ नये म्हणून. परत फोन केला नाही. असे अठरा दिवस काढले.

एका सकाळी त्याने पाहिलं की मी भिंत धरून चालते आहे. पायांना मुंग्या येत होत्या, पावलं नीट पडत नव्हती. त्याने उचलूनच नेलं म्हणा ना. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी किती दिवसांपासून उलट्या आहेत एवढंच विचारलं आणि ग्लुकोजची बाटली लावायच्या आधी थायमिन, म्हणजे बी-वन, शिरेतून द्यायला लावलं. शरीरातला त्याचा साठा दोन-तीन आठवड्यांतच संपतो. तो संपलेला असताना नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. पुढे एंडोस्कोपीत दिसलं की माझी नळी मध्यावर वाकून अरुंद झाली होती. फुगा घालून ती दोनदा रुंद करावी लागली. घास कितीही लहान घेतला असता तरी ते सुटणार नव्हतं.

मुंग्या जायला चार महिने लागले. उजव्या पायाच्या दोन बोटांना अजूनही थोडं बधिर वाटतं.

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते. एक कागद घ्या आणि बहिणीसमोर लिहून फ्रीजवर लावा. चोवीस तास पातळ टिकलं नाही, तर त्याच दिवशी फोन. पहिल्या उत्तराने समाधान झालं नाही, तर दुसरा फोन, आणि "माझं बी-वन कमी झालं असेल का" हे स्पष्ट विचारायचं. ताप, धाप, वाढत जाणारी पोटदुखी, बसल्या जागी नाडी १२० च्या वर, किंवा एकाच पिंढरीला सूज, यातलं काहीही झालं तर फोनही नाही, सरळ दवाखाना, रात्रीचे तीन असले तरी. टाके गळत असले तर कधी कधी नाडी आधी बोलते, पोट नंतर. तेव्हा "माझंच काही चुकलं असेल" या विचारावर एक दिवसही घालवू नका.

उत्तर ३

मी अशा वॉर्डात नर्स आहे. वरच्या ताईंनी लिहिलं ते प्रत्येक पेशंटला वाचून दाखवावं असं वाटलं. उलट्या लपवणारे खूप जण पाहिले आहेत, आणि सगळे माफी मागत येतात.

थोडी भर घालते. रात्रीचं मशीन आणि मास्क दवाखान्यात सोबत आणा, भुलीनंतर त्याची गरज जास्त असते. सिगारेट असेल तर आजच सोडा. खरं तर सहा आठवडे आधी सोडायला हवी, पण आजही उशीर नाही. नंतर दुखण्यावर आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या मनाने घेऊ नका, अल्सर होऊ शकतो. दाताच्या डॉक्टरांनाही ऑपरेशन झाल्याचं सांगत जा. रोज ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं लागतात. सुरुवातीला ती पावडरीतूनच भरून निघतात. ताटात काहीही असलं तरी पहिला घास प्रथिनांचा घ्यायचा. कॅल्शियम आणि लोह एकत्र घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा. जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणि रक्ततपासण्या आयुष्यभराच्या आहेत. वजन उतरल्यावर बरं वाटतं आणि लोक गोळ्या सोडतात, मग दोन-तीन वर्षांनी बी-बारा कमी होऊन येतात.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतील. झपाट्याने वजन उतरलं की होतं ते, परत येतात. दीड वर्ष तरी गरोदरपण टाळा. वजन उतरताना पाळी सुधारते आणि दिवस राहण्याची शक्यता वाढते, याची बऱ्याच जणींना कल्पना नसते. आणि चार ते सहा आठवडे जड काही उचलायचं नाही, पाण्याची बादलीसुद्धा नाही.

प्रश्नकर्ती

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. डायबेटिसच्या डॉक्टरांची परवाची वेळ घेतली. तिसरा आठवडाही रजेत टाकला. उलट्यांचं वाचून रात्री झोप लागली नाही, पण आता वाटतं की मला नेमकं हेच कोणीतरी सांगायला हवं होतं. कागद फ्रीजवर लावला आहे.

आणखी एकच विचारते. मुलाला किती सांगू? तो सगळं बघतो.

उत्तर २

खरं सांगा, पण त्याला पेलेल एवढंच. माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. मी म्हटलं, आईच्या पोटाचं ऑपरेशन आहे, आई बरेच दिवस अगदी थोडं जेवेल आणि ते ठरलेलं आहे, तू घाबरायचं नाही. तरी तिसऱ्या दिवशी तिने आपल्या ताटातला अर्धा घास माझ्यापुढे धरलाच.

मग तिला एक काम दिलं. वहीत पाण्याच्या मापाच्या खुणा करायच्या, एका मापाला एक रेघ. फक्त पाण्याच्या. मी काय खाल्लं, किती खाल्लं, वजन किती, हे तिला कधी मोजू दिलं नाही आणि तुम्हीही देऊ नका, ते ओझं त्यांचं नाही. शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी रेघा मोजायची आणि कमी असल्या तर माप भरून आणायची.

ती वही अजून आहे. घरी आले त्या दिवशीच्या पानावर एकोणीस रेघा आहेत. नवव्या दिवशी एक्केचाळीस.

ऑपरेशनच्या दिवशी मी फोनजवळच असेन. जाग आल्यावर बहिणीला इथे एक ओळ टाकायला सांगा.