स्नूकर खेळणं सोडून कोचिंगला लागू का?

ब्लॅकबॉल_ठाणे
वय २७. राज्य स्पर्धेत शेवटच्या आठात पोचतो, पुढे गाडी अडते. स्नूकर पार्लरचे मालक म्हणतात, पोरांना शिकव, टेबलाचं भाडं माफ करतो. घरून नोकरीचा तगादा. कोचिंगवर पोट भरतं का? की हा हरलेल्यांचा धंदा?

जुना_मार्कर
हरलेल्यांचा? अरे, विल्सन जोन्स १९५८ ला कलकत्त्यात बिलियर्ड्सचे हौशी जगज्जेते झाले, १९६४ ला न्यूझीलंडमध्ये पुन्हा. पुण्यात जन्मलेला माणूस! पुढे शिकवू लागले. ओम अगरवाल, अशोक शांडिल्य त्यांच्या हाताखालून गेले. १९९६ ला द्रोणाचार्य मिळाला तो उगीच नाही.

मी क्लबात मार्कर. टेबलाला ब्रश मारता मारता, स्कोअर मांडता मांडता खेळ बघितला, आता पोरांना शिकवतो. नव्या पोराला मी आधी लाल बॉल देतच नाही. पांढरा बॉल ब्राउन बॉलच्या खुणेवर ठेवायचा, निळ्या-गुलाबी-काळ्याच्या खुणांवरून सरळ वर मारायचा, आणि कुशनला, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेला, लागून तो क्यूच्या (काठीच्या) टोकाशी परत यायला हवा. जाताना सरळ, येताना तिरका आला की समजायचं, नकळत साइड लागली, म्हणजे बॉलच्या मध्याऐवजी बाजूला फटका बसून तो फिरला. पोरं आठवड्यात कंटाळतात, आयांचे फोन येतात, "मॅच कधी खेळवणार?" खेळवतो ना, पांढरा परत आला की.

आणि भाडं माफ म्हणजे पगार नव्हे. तासाचे पैसे वेगळे ठरव, लेखी घे. पावसाळ्यात कापड दमट, बॉल जड, गिऱ्हाईक निम्मं, तेव्हा मालकाची भाषा बदलते.

रेल्वे_कॉलनी
नोकरीचंही बघा. पेट्रोलियम कंपन्या आणि रेल्वेने क्यूवाल्यांना घेतलंय. पण २०१० च्या ग्वांगझूनंतर एशियाडमधून खेळ गेला, तेव्हापासून वशिला लावायलाही पदक कुठलं दाखवणार?

ब्लॅकबॉल_ठाणे
काका, आज तो पांढरा मारून बघितला. येताना दर वेळी डावीकडे सरकतो. इतकी वर्षं खेळतोय!

जुना_मार्कर
डावी साइड लागतेय. मोबाइल मागे ठेवून शूटिंग कर आणि मारताना कोपर बाहेर जातं का ते बघ. व्हिडिओ इथेच टाक. मालकाला अजून हो म्हणू नकोस.