विंडोज १० बंद झालं म्हणून जुना पीसी भंगारात काढावा का? (ऑनलाइन चर्चा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

सोल्डर

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबले. घरगुती वापरासाठी नोंदणी करून घेतली तर सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, पुढे तेही नाहीत. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी चिप किंवा सोय) आणि साधारण आठव्या पिढीचा इंटेल किंवा त्याच काळातला एएमडी प्रोसेसर लागतो. त्यामुळे धडधाकट चालणारी मशीनं लोक एक्स्चेंजमध्ये देऊन टाकताहेत. माझं ठाम मत आहे की यातली बहुतेक टाकायची गरज नाही.

लॅपटॉपचं आयुष्यभराचं कार्बन उत्सर्जन कंपन्या स्वतःच प्रसिद्ध करतात. त्यातला सुमारे तीन चतुर्थांश भाग मशीन तुमच्या हातात येण्याआधीच झालेला असतो, कारण चिप बनवायला प्रचंड ऊर्जा आणि रसायनं लागतात. वेफरवर, म्हणजे ज्यातून चिप कापतात त्या सिलिकॉनच्या चकतीवर, थर कोरायला आणि यंत्रं साफ करायला फ्लोरिनयुक्त वायू लागतात. त्यातला नायट्रोजन ट्रायफ्लोराइड कार्बन डायऑक्साइडच्या सोळा-सतरा हजारपट तापमान वाढवतो. शिवाय अतिशुद्ध पाणी लागतं आणि चोवीस तास क्लीनरूम (धूळमुक्त खोली) चालवावी लागते. २००४ साली संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या अभ्यासात एक डेस्कटॉप आणि १७ इंची सीआरटी (जुना, काचेच्या नळीचा) मॉनिटर बनवायला २४० किलो जीवाश्म इंधन, २२ किलो रसायनं आणि १,५०० किलो पाणी लागतं असा हिशेब निघाला होता.

टाकण्याआधी एक गोष्ट तपासाच. विंडोजच्या 'रन'मध्ये टीपीएम डॉट एमएससी (tpm.msc) लिहून बघा. टीपीएम सापडला नाही असं आलं, तरी बऱ्याचदा तो बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) फक्त बंद ठेवलेला असतो. इंटेलच्या बोर्डवर त्याचं नाव पीटीटी, एएमडीवर एफटीपीएम. मात्र विंडोज बूट होण्याच्या जुन्या, लेगसी पद्धतीनं टाकलेलं असेल तर आधी डिस्कची मांडणी जुन्या एमबीआरवरून नव्या जीपीटीत बदलून घ्या आणि मगच बायोसमध्ये यूईएफआय ही नवी बूट पद्धत निवडा. क्रम उलटा झाला तर मशीन बूटच होत नाही, आणि लोकांना वाटतं बोर्ड गेला.

वीजमीटर

लॅपटॉपबद्दल सहमत, डेस्कटॉपबद्दल अजिबात नाही. २००४ चा आकडा सीआरटीच्या जमान्यातला आहे, त्यावर आजचा निर्णय उभा करू नका.

मॉनिटर बाजूला ठेवून हिशेब करू. पेंटियम ४ किंवा सुरुवातीच्या कोअर २ या इंटेलच्या जुन्या प्रोसेसरांच्या काळातला, वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला खोका नुसता चालू असताना ९० वॅट खातो असं धरा. रोज ८ तास, वर्षाला ३०० दिवस म्हणजे २१६ युनिट. आपल्या देशातल्या विजेचं सरासरी उत्सर्जन युनिटमागे ०.७ किलोच्या आसपास आहे. म्हणजे वर्षाला १५१ किलो. त्याच कामाला आजचा छोटा मिनी पीसी १० वॅटमध्ये भागवतो, म्हणजे २४ युनिट आणि १७ किलो. फरक १३४ किलो. तो मिनी पीसी बनवताना दीडशे किलो गेले असं धरलं तरी सव्वा वर्षाच्या आत वसूल. अशी वीस मशीनं असलेली शाळेची लॅब केवळ 'टाकवत नाही' म्हणून चालवणं हे पर्यावरणाचंच नुकसान आहे.

सोल्डर

पेंटियम ४ साठी तुमचा हिशेब बरोबर आहे, ते मान्य. पण विंडोज ११ नं नाकारलेली बहुतेक मशीनं चौथ्या ते सातव्या पिढीतली आहेत. तुमच्याच पद्धतीनं बघा. चौथ्या पिढीचा आय-५ डेस्कटॉप नुसता चालू असताना ३५ वॅट धरला, तर वर्षाला ८४ युनिट, ५९ किलो. मिनी पीसीशी फरक ४२ किलो, वसुलीला साडेतीन वर्षं. लॅपटॉपमध्ये तर १५ वॅटवरून ९ वर आलात तर वर्षाला जेमतेम १० किलो वाचतात आणि नव्याच्या निर्मितीचे २०० किलो फिटायला वीस वर्षं लागतात. छतावर सोलर असेल तर फिटतच नाहीत.

आणि ही मशीनं हळू चालतात ती प्रोसेसरमुळे नाही. मिनिटाला ५,४०० फेऱ्यांची हार्ड डिस्क सेकंदाला शंभरेक विखुरलेली वाचनं कशीबशी करते, साधी साटा एसएसडी (फिरता भाग नसलेली डिस्क) हजारोंनी करते. २४० जीबीची अडीच इंची एसएसडी आणि ८ जीबी रॅम, एवढं पुरतं. रॅम घेताना चौथ्या पिढीच्या लॅपटॉपला १.३५ व्होल्टची डीडीआर३एल जातीची रॅम लागते. १.५ व्होल्टची साधी डीडीआर३ त्याच खाचेत बसते, पण स्क्रीन काळीच राहते.

ताळेबंद

हार्डवेअर जगवाल हो, सॉफ्टवेअरचं काय? अपडेट नसलेल्या विंडोजवर नेटबँकिंग करणं धोक्याचं. त्यावर उत्तर म्हणून लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी टाकायची मोफत ऑपरेटिंग सिस्टीम सुचवली जाते. २२ ची मालिका एप्रिल २०२९ पर्यंत चालेल, ४ जीबी रॅमवर तिची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती नीट पळते, मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्डही टाकता येतो. पण हिशेबाच्या ऑफिसात टॅली विंडोजवरच चालतं. टेंडर भरायला डिजिटल सहीचं, पेन ड्राइव्हसारखं टोकन लागतं आणि प्रत्येक टोकनचा लिनक्स ड्रायव्हर मिळतोच असं नाही. एखाद्या स्वस्त लेझर प्रिंटरचीही तीच गत. शेवटच्या तारखेच्या संध्याकाळी सही उमटली नाही तर कार्बनचा हिशेब कुणी विचारत नाही. अशा ठिकाणी मशीन बदलणं हाच जबाबदार निर्णय आहे.

सोल्डर

त्या एका टेबलावरचं बदला ना! सही आणि टॅलीसाठी एक विंडोज ११ चं मशीन ठेवा. पत्रं, ईमेल, ब्राउझर, पीडीएफ यासाठीची बाकीची चार मिंटवर जाऊ शकतात. आधी पेन ड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे डिस्कवर न टाकता, चालवून वायफाय आणि प्रिंटर तपासा, मगच डिस्कला हात लावा.

भंगारातलं_सोनं

'सोल्डर' आणि 'वीजमीटर' या दोघांच्याही हिशेबात शेवटचा टप्पा नाही, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच आहे. २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निघाला. त्यातला रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद फक्त २२.३ टक्क्यांची. मुंबईतलं कुर्ला, दिल्लीतलं सीलमपूर, उत्तर प्रदेशातलं मुरादाबाद इथल्या ई-कचरा फोडण्याच्या कामाबद्दल वाचून बघा. तांब्यासाठी वायर जाळतात, तेव्हा वायरीवरच्या पीव्हीसी प्लॅस्टिकमधून डायॉक्सिन हे विष निघतं. सोन्यासाठी बोर्ड आम्लात बुडवतात आणि उरलेलं पाणी गटारात किंवा नदीत जातं. एका सीआरटीच्या काचेत किलोच्या वर शिसं असतं, म्हणून ती घेणारा कुणी मिळत नाही आणि ती उघड्यावर फुटते.

त्यामुळे 'वीजमीटर', तुमच्या वीस पेंटियमचं पुढे काय होणार ते आधी ठरवा. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार कचऱ्याच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकावर आहे. कचरा नोंदणीकृत पुनर्चक्रकाकडेच द्या आणि पावती घ्या. भंगारवाला किलोमागे जास्त देतो, कारण आम्लाचं पाणी कुठे जातं त्याचा खर्च त्याला येत नाही.

देण्याआधी फुगलेली लिथियम बॅटरी वेगळी काढा. टचपॅड वर उचललेला दिसला तर ती फुगली आहे. तिला टोचू नका, दाबू नका, चार्जिंगला लावू नका. आणि नुसतं फॉरमॅट करून डेटा जात नाही. हार्ड डिस्कवर एकदा पूर्ण शून्यं लिहा. एसएसडीला मात्र सिक्युअर इरेजचा (तिनं स्वतःच सगळं पुसण्याचा) आदेश लागतो, कारण तिच्यातले राखीव ब्लॉक वरून लिहिलेल्या शून्यांना सापडत नाहीत.

वीजमीटर

विल्हेवाटीचा मुद्दा मान्य, पावतीशिवाय देऊ नये. पण 'सोल्डर', लॅबमध्ये ३५ वॅटचा पीसी चालवायचाच असेल तर यूपीएस विसरू नका. ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ एएचची शिसा-आम्ल बॅटरी असते, सुमारे दोन किलोची, आणि दोन-तीन वर्षांत बदलावी लागते. वीस टेबलं म्हणजे दर खेपेला चाळीस किलो. लॅपटॉपला यूपीएस लागतच नाही. म्हणून लॅबसाठी जुने डेस्कटॉप दुरुस्त करण्यापेक्षा ऑफिसांनी काढलेले, वापरलेले लॅपटॉप घ्यावेत, हे मी अजूनही म्हणेन.

सोल्डर

वापरलेले लॅपटॉप असतील तर माझा विरोध कशाला असेल? फक्त घेताना बॅटरीची मूळ क्षमता आणि आत्ताची क्षमता दोन्ही बघा. मूळच्या निम्म्यावर आली असेल तर बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करून मागा. आणि बायोसमध्ये सोय असेल तर चार्जिंग ८० टक्क्यांवर अडवा. लॅबमधले लॅपटॉप दिवसभर प्लगलाच असतात, आणि तिथे बॅटऱ्या फुगतात त्या मुख्यतः सतत शंभर टक्क्यांवर आणि उष्णतेत राहिल्यामुळे.