शेअरची परमिशन बघा आधी
तुम्ही विचारलंय ना की ग्रुप पॉलिसीने, म्हणजे विंडोज नेटवर्कमधल्या सगळ्या मशीनला एकदम सेटिंग लावायच्या सोयीने, पीडीएफ डेस्कटॉपवर टाकताय, पॉलिसी लागलेली दिसते पण फाइल येतच नाही, तर आधी शेअरची, म्हणजे फाइल जिथून कॉपी होते त्या नेटवर्कवरच्या फोल्डरची, परमिशन बघा. पॉलिसीच्या कॉम्प्युटर कॉन्फिगरेशनमधून (मशीनला लागणाऱ्या सेटिंगचा भाग) कॉपी करताना युजर नाही तर मशीनचं अकाउंट शेअरवर जातं, त्यामुळे डोमेन कॉम्प्युटर्सला (नेटवर्कमधल्या मशीनचा ग्रुप) रीड, म्हणजे वाचायची परमिशन, द्यायलाच लागतं, शेअरवर पण आणि एनटीएफएसवर (डिस्कवरच्या फोल्डरची स्वतःची परमिशन) पण. आणि डेस्टिनेशनमध्ये (फाइल कुठे टाकायची तो पाथ) नुसता फोल्डर देऊन भागत नाही हां, पुढे फाइलचं नाव एक्स्टेन्शनसकट लिहा, इथेच निम्मे लोक अडकतात. सगळ्यांना दिसायला हवी तर पब्लिक डेस्कटॉप बरा. रिप्लेस (जुनी फाइल काढून नवी टाकायचा पर्याय) मात्र जपून, पॉलिसी दर ९० मिनिटांच्या आसपास रिफ्रेश होते आणि युजरने त्या पीडीएफमध्ये काही भरलं असेल तर गेलं सगळं.